दोन वैशाख आणि मधला सडा

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, भिण्याची हौस होती असं मी म्हटलं तर पाप लागेल, पण ते खोटं होणार नाही. शाळामास्तर माणूस. विहिरीवर गेले तर आधी रहाट हलवून बघणार, होडीत बसायचं तर तांडेलाला दहा प्रश्न विचारणार, आणि पावसाळ्यात अंगणात उतरताना पायरी काठीनं ठोकून बघणार, खाली जनावर आहे की काय म्हणून. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." मी हसत असे. त्यांचा भित्रेपणा तसाच्या तसा माझ्याकडे उतरला आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं मी पंधरा वर्षांची असताना, ताईला मोटारीनं सड्यावरून आणायचं ठरलं त्या वर्षी. तीस सालाच्या पुढची दोन-चार वर्षं धरा.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं सासर समुद्राच्या कडेचं, रत्नागिरीपासून फार लांब नाही, पण मध्ये सडा. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांना सांगते. डोंगर चढून वर आलं की झाडं संपतात आणि समोर नुसता जांभा कातळ पसरलेला असतो, मैलच्या मैल, काळपट तांबडा, सपाट. पावसाळ्यात त्यावर इवली इवली फुलं येतात म्हणून लोक कौतुक करतात. वैशाखात कौतुक करायला तिथं कुणी जात नाही. सावली नाही, पाणी नाही, पाणपोई घालावी तर पाणी वाहून न्यायचं कुणी? लांबवर समुद्र चकचकत असतो आणि घशाला कोरड पडलेली असते.

ताईचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. भर आषाढात, होड्या बंद, सुईण खाडीच्या पलीकडे. ती पोहोचेपर्यंत मूल गेलं होतं आणि ताई जेमतेम वाचली होती. त्यानंतर ती माहेरपणाला आली तेव्हा तिचं मनगट माझ्या मनगटापेक्षा बारीक झालेलं मी पाहिलं. म्हणून या खेपेला तिला वेळेत घरी आणायचीच, असं आईनं देवापुढे हात जोडून ठरवलं होतं. रत्नागिरीत डॉक्टर होते, आमच्या आळीतच शंभर बाळंतपणं केलेली सुईण होती. बोटीनं आणायचं तर खोल पाण्यात उभ्या आगबोटीवर पडावातून दोरशिडीनं चढायचं. पोटुशी बाई कशी चढणार? बैलगाडीनं सड्यावर आख्खा दिवस जायचा. राहिली मोटार.

आता आमच्या घरात कुणाला कधी कुठून आणायचं हे अण्णा किंवा आई ठरवत नसत. ते आत्या ठरवी. अण्णांची थोरली बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून आमच्याकडेच. व्रतं, वार, सोयरसुतक, कुणाचे किती महिने भरले, सगळं तिच्या बोटांच्या पेरांवर. लिहितावाचता येत नव्हतं, पण आळीतल्या सुनासुद्धा दिवस गेले की आधी तिला सांगायच्या आणि मग नवऱ्याला. ताई शेवटची बाजूला बसली ती कोजागिरीला. दिवाळीत मुंबईहून जावई आले होते. त्यापुढचा हिशेब आत्याचा.

त्यात त्या वर्षी वैशाख अधिक आला. म्हणजे वैशाख दोन, आधी अधिक आणि मग खरा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. आईचं म्हणणं, चैत्र संपला की लगेच आणू. आत्यानं मान हलवली.

"मलमासात लेक हलवायची नाही. शुभ कार्य आहे गो, गवताचा भारा आहे काय ओढून आणायला? निजवैशाख लागू दे. सातवा भरत येईल, तेव्हा आणा. आठव्यात मात्र पाऊल उचलायचं नाही. सातव्याचं जगतं, नवव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही."

हे शेवटचं वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. त्यावर कुणी वाद घालत नसे. तर आम्ही अधिक महिना थांबलो. जावयाला मुंबईला तेहतीस अनारसे पाठवले, त्यातले किती वाटेतच मोडले देव जाणे.

तो महिना अण्णांनी तयारीत घालवला. शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी सड्याचा नकाशा काढला होता. कुठं चढण, कुठं गाडीवाट फुटते, कुठं एकच एक कुंभ्याचं झाड आहे, कुठून घाटी उतरायची. रोज शाळेतून आले की त्यात भर पडायची. पाण्याच्या तीन घागरी. दोन मोटारीला, एक माणसांना. गोधड्या चार, ताईला धक्के बसू नयेत म्हणून. छत्र्या दोन. कैरीचं पन्हं बाटलीत, कोकमाचं आगळ दुसऱ्या बाटलीत. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा. मला खिसा नव्हता, तर माझा कांदा कमरेला बांधायचा होता. मोटार बंद पडली तर, चाक फुटलं तर, ताईला घेरी आली तर, वाट चुकली तर. आम्ही अण्णांची थट्टा करत असू, की सगळं लिहून झालं, आता वाघ आला तर काय करायचं तेवढं राहिलं. ते गंभीरपणे म्हणाले, "सड्यावर वाघ नाही. त्याला तरी पाणी कुठं मिळणार?"

मोटारवाला पाली गावचा होता. मुंबईत कुणा शेटजीची गाडी चालवून आलेला, आता रत्नागिरीत भाड्यानं मोटार चालवी. तो एका संध्याकाळी पडवीच्या पायरीवर येऊन बसला आणि अण्णांनी वही काढली.

"वाट हाय गुरजी," तो म्हणाला, "पन मोटारीची नाय, बैलगाडीची चाकोरी हाय. माजी गाडी जाईल. पन यक ध्यानात ठेवा. येताना नवाच्या आत सडा सोडायचा. कातळ तापला का इंजिन पानी पितां, मानसासारखा. मंग किती बी घागरी न्या."

"आणि नाही सोडला तर?"

"गेल्या साली यक कासारीन गेली व्हती. बांगड्यांची पेटी डोक्यावर. त्या कुंभ्याच्या झाडाखाली बसलेली गावली. पानी मागाया कोन व्हता थय?"

आई आत निघून गेली. अण्णांनी वहीत नवाचा आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. बेत असा ठरला, की आदल्या दिवशी उन्हं उतरल्यावर निघायचं, ताईच्या सासरी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच परत निघायचं. बरोबर बाईमाणूस हवं. आईला मोटारीचा वास आला तरी उलटी होई. आत्यानं चामड्याच्या गादीवर बसणं या जन्मी शक्य नव्हतं. राहिले मी.

मी दिवसा धीटपणे मिरवत होते. पण विहिरीवर एकटी गेले की ती कासारीण माझ्या डोळ्यांपुढे येई. तिच्या पेटीतल्या बांगड्या उन्हात किती तापल्या असतील असं काहीतरी डोक्यात येई आणि मी घागर अर्धी भरूनच घरी पळे.

निघायला चार दिवस राहिले होते. अण्णांनी मला सांगितलं, "पंचांगात सूर्योदय बघून ठेव, दशमी-एकादशीचा." मी नवं पंचांग उघडलं, बघितलं, आणि बोटानं सहज मागची पानं उलटत गेले. निजवैशाख, अधिक वैशाख, चैत्र. जुनं पंचांग खुंटीला लटकत होतं, तेही काढलं. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक. आश्विनातली कोजागिरी. मला हिशेबाची आवड होती, त्यात वाईट काही नव्हतं. मी स्वयंपाकघरातून मूठभर चिंचोके आणले आणि कोजागिरीपासून पुढे येणाऱ्या दर पौर्णिमेला एक चिंचोका मांडत गेले.

येत्या पौर्णिमेपर्यंत आठ झाले.

आत्याच्या हिशेबानं सात व्हायला हवे होते. मी परत मांडले. आठ. तिसऱ्यांदाही आठच. मग मला कळलं. आत्यानं अधिक महिना मोजलाच नव्हता. मलमास कशातच धरत नाहीत. व्रत त्यात नाही, लग्न त्यात नाही, मुंज त्यात नाही. चैत्रानंतर तिच्या पेरावर सरळ वैशाख आला. ज्या महिन्यासाठी आम्ही महिनाभर थांबलो, तो महिनाच आमच्या हिशेबात नव्हता. पोटातल्या पोराला अधिक काय आणि निज काय, ते आपलं वाढत राहिलं. सातवा आम्ही अनारसे तळण्यात घालवला होता आणि आता आठव्यात ताईला सड्यावरून आणायला निघालो होतो.

मी चिंचोके गोळा केले आणि परसात फेकून दिले, कुणी बघेल म्हणून.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. बोलावं, तर आत्या जाऊ देणार नाही. बेत मोडेल, पाऊस लागेल आणि ताई पुन्हा तिथंच, त्याच खोलीत, खाडीपलीकडच्या सुइणीची वाट बघत. न बोलावं, तर आठव्यात तिला त्या चाकोरीतून आदळत आणायचं, आणि वाटेत काही झालं तर ते माझ्यामुळे झालं. मला घास गिळवेना. आत्या म्हणाली, "पोरीला आत्ताच ऊन लागलं वाटतं," आणि माझ्या तळपायांना कांद्याचा रस चोळला. ती चोळत असताना मला रडू आलं. ती म्हणाली, "एवढं काय गो झोंबलं?"

तिसऱ्या दिवशी अण्णा परसात एका घागरीला ओलं गोणपाट गुंडाळून ती उन्हात ठेवून बघत होते, पाणी किती वेळ गार राहतं ते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ते आत जाऊन दोन्ही पंचांगं घेऊन आले, फणसाखाली बसले आणि स्वतः मोजलं. मी त्यांचे हात बघत होते. पानसुद्धा नीट उलटेना.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नको. आत्या सोडणार नाही आणि आई भीतीनं मरेल."

"म्हणजे आपण जायचं?"

त्यांनी घागरीवरचं गोणपाट परत ओलं केलं. मग म्हणाले, "तिथं राहिली तरी धोका, हलवली तरी धोका. तिथं राहिली तर काय होतं ते आपण एकदा बघितलंय." पुढे म्हणाले, "मला फार भीती वाटते आहे बाळ. पण जायचं. ताईला तर कधीच सांगू नको, आत्ताही नाही आणि पुढेही नाही. आत्याला कळलं तर ती स्वतःला खाईल. शप्पथ घे."

मी शप्पथ घेतली. त्या दिवसापर्यंत माझ्या वडिलांनी मला भीती वाटते असं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. ते भित्रे, असं आम्हीच म्हणायचो.

जाताना सगळं वहीप्रमाणे झालं. सडा उन्हं कलल्यावर ओलांडला, दिवेलागणीच्या आधी ताईच्या दारात. ताई बाहेर आली. तिचं पोट बघून मी अण्णांकडे पाहिलं आणि अण्णांनी दुसरीकडे पाहिलं. सातव्याचं पोट ते नव्हतं, हे कुणीही सांगितलं असतं. पण सासूबाई थकलेल्या, डोळ्यांनी आणि कानांनी दोन्हीकडून गेलेल्या, आणि घरात बघणारं दुसरं कुणी नाही.

घोटाळा झाला तो सकाळी. आम्ही झुंजूमुंजूला तयार. पण लेक माहेरी निघाली, ओटी भरल्याशिवाय कशी जाईल? सासूबाईंनी पाच सवाष्णींना सांगावा धाडला होता. दोघी आल्या. तिसरीची म्हैस धार देईना. चौथी न्हाऊन येते म्हणाली. पाचवी तर वाडीच्या पार टोकाची, तिला चालत यायचं होतं, आणि आल्यावर ती आधी दोन घटका बसली, खेळीमेळीनं बोलली, चहा प्यायली. अण्णा अंगणात घड्याळ हातात धरून उभे. व्याह्यांच्या घरी घाई करा म्हणायची सोय नव्हती. शेवटी ओटीतल्या नारळासकट ताईला मोटारीत चढवलं, हातावर दही घातलं, तेव्हा नवाला दहा मिनिटं कमी होती. मोटारवाल्यानं आभाळाकडे बघून कपाळावरचा घाम पुसला.

घाटी चढून वर आलो तेव्हा सडा तापलेला होता. मोटारीच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसे. ताई मागं चारी गोधड्यांवर, मी तिच्या शेजारी, अण्णा पुढे. चाकोरीतलं एकेक आदळणं मी मोजत होते. एका मोठ्या धक्क्याला मागच्या बाजूला काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि गाडीखालून पाण्याची धार लागली. मोटारीच्या दोन घागरींतली एक गेली. दुसरी मोटारवाल्यानं एकदा थांबून इंजिनाला पाजली. आणि सड्याच्या बरोबर मध्यावर इंजिनातून वाफ आली, दोन गचके बसले, आणि मोटार उभी राहिली.

तिथला तो सन्नाटा मला अजून ऐकू येतो. टिटवीसुद्धा ओरडत नव्हती.

"निवली का बगू," मोटारवाला म्हणाला. "आनि पानी लागल."

उरलेली घागर आमच्या पिण्याची. अण्णांनी ती खाली उतरवली. ताईला एक फुलपात्र भरून दिलं, मला अर्धं दिलं, स्वतः घेतलं नाही, आणि बाकी सगळं पाणी मोटारवाल्याच्या हाती दिलं. मग ताईच्या बाजूला ऊन येत होतं तिकडे छत्री धरून कातळावर उभे राहिले. त्यांच्या वहाणांचे तळ तापले असणार, ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत होते.

तेवढ्यात ताईनं माझा हात घट्ट धरला. तिचे ओठ पांढरे पडले. "कळ आली," ती म्हणाली. मग म्हणाली, "गेली." थोड्या वेळानं परत धरला. मला वाटलं, आता इथंच. त्या कातळावर, ना पाणी ना माणूस. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलले, एकाला काय बोलले ते दुसऱ्याला बोलताना विसरत होते.

तिसरी कळ ओसरल्यावर ताई हळूच मला म्हणाली, "हा आठवा आहे. तुम्हाला ठाऊक नाही, पण आठवा आहे."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पोट माझंच ना? आत्याचा निरोप आला, सातव्यात आणतो म्हणून, तेव्हाच मला कळलं तिनं अधिक सोडला."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं असतं तर तुम्ही आला असतात काय गो?" तिच्या डोळ्यांना धार लागली. "आठव्यात कोण आणतं? मला तिथं राहायचं नव्हतं. मी तुम्हाला फसवलं."

छत्रीच्या पलीकडून अण्णांनी ऐकलं होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, सड्याकडेच बघत राहिले आणि म्हणाले, "आलो असतो."

ताई रडता रडता हसली. "तुम्ही? अण्णा, तुम्ही पायरी ठोकून उतरता."

"आलो असतो," ते परत म्हणाले. मी काही बोलले नाही. शप्पथ होती.

कळा चौथ्यांदा आल्या नाहीत. मोटार निवली, पाणी प्याली, कुरकुरत चालू झाली. रत्नागिरीला पोहोचलो तेव्हा दुपारची जेवणं उरकून गेली होती आणि अण्णांच्या तळपायांना फोड आले होते. ताईचं पोट बघून आत्या म्हणाली, पोर दांडगं दिसतंय, आणि पेरं काही पुन्हा मोजली नाहीत. महिन्याभरानं, वटपौर्णिमेच्या चार दिवस आधी, ताईला मुलगी झाली, चांगली भरल्या अंगाची. घर आनंदात होतं, एकटी आत्या सोडून. तिच्या हिशेबानं मूल आठव्याचं. ते जगत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक. ती पाळण्याजवळून हलेना, अन्न घेईना, रोज पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. पाचव्या दिवशी अण्णा तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "अक्का, पंचांग मी बघितलं होतं, त्यातला अधिक महिना पोटाला धरायचा हे तुला सांगायला मीच चुकलो. हे नवव्याचं आहे." आत्यानं त्यांना यथेच्छ बोलून घेतलं, मास्तर असून महिने मोजता येत नाहीत म्हणून, आणि मग पोटभर जेवली.

ताई पुढे कितीदा तरी ही गोष्ट सांगायची. अण्णांसारखा भित्रा माणूस त्या सड्यावर माझ्या समाधानासाठी 'आलो असतो' असं कसं धडधडीत खोटं बोलला, म्हणायची, आणि पदरानं डोळे पुसायची. मी गप्प बसे. अण्णा गेले त्या साली, तेराव्याचं आवरून आम्ही दोघी भांडी विसळत असताना, मी तिला चिंचोक्यांपासून सगळं सांगितलं.

ताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"म्हणजे त्यांना आधीपासून ठाऊक होतं?"

"निघायच्या आदल्या दिवसापासून."

"आणि तरी आले?"

"तरी आले," मी म्हटलं. "वाटभर कापत होते. पुढच्या गादीवर बसले होते ना, म्हणून तुला दिसलं नाही."